अंगणाचे पांघरूण

आमच्या घराला अंगण आहे, ही गोष्ट लष्करात आता मुद्दाम सांगावी अशी झाली आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पडली, पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, आणि वस्तीला लष्कर हेच नाव चिकटले. त्या वाड्यांपैकी कित्येक पडले, कित्येकांच्या जागी तीनमजली घरे आली, आणि उरलेल्यांच्या अंगणांवर एकामागून एक सिमेंट पसरले. आमच्या गल्लीत पायाला माती लागेल अशा जागा आता दोनच उरल्या आहेत: मारुतीच्या देवळापुढचा पिंपळाचा पार आणि आमचे अंगण.

अंगण तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे. मध्ये तुळशीवृंदावन आणि पूर्वेच्या कोपऱ्यात विहीर. पश्चिमेच्या कोपऱ्यात एक जुना कडुनिंब होता, तो २०१४ च्या वादळात पडला. झाड असेपर्यंत त्याची किंमत आम्हांला नीटशी कळली नव्हती. ते गेल्यावर सकाळी आठापासून सायंकाळी पाचापर्यंत ऊन अंगणात मुक्कामालाच येऊन बसले. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा आपल्याकडे जी लू सुटते तिचे वर्णन ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांपुढे मी करावे असे नाही. त्या वाऱ्याला उघडी माती सापडली की तो ती घरात आणून टाकतो. भाताच्या ताटावर, देवघरातल्या निरांजनावर, पुस्तकांच्या कडांवर धूळ बसे. दुपारी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येई.

आमची आई लग्न होऊन सागरहून या घरात आली. तेव्हापासून साठ वर्षे तिने रोज पहाटे अंगणात सडा घातला. शेण कालवलेल्या पाण्याने मातीवर एक पातळ साय धरते, ती दिवसभर धूळ दाबून ठेवते. सडा म्हणजे केवळ शुभशकुन नव्हे, तो धुळीवरचा रोजचा उपचार होता, हे आईचे गुडघे दुखू लागले आणि सडा बंद पडला तेव्हा आम्हांला समजले. दोनच उन्हाळ्यांत तिला खोकल्याने धरले. रात्री ती उशीला टेकून बसून राही. डॉक्टरांनी औषध दिले आणि जाताना म्हणाले, "हे घ्याच, पण धूळ कमी करा."

दादाने त्याच आठवड्यात गवंड्याला बोलावले. त्याचा विचार सरळ होता. अंगणभर सिमेंट केले की धूळ संपली, चिखल संपला, झाडणेही सोपे. मी विरोध करू लागले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आईचा खोकला मोठा, की तुझी माती मोठी?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला, पावसाचे पाणी मातीत कसे मुरते याच्या आकृत्या फळ्यावर शेकडो वेळा काढल्या. पण आई खोकत असताना त्या आकृत्या कोणाला दाखवायच्या?

उत्तर आईने दिले. "मला कोणी विचारलंत का? मी तुळशीला अनवाणी पाणी घालते. मे महिन्यात फरशी तापली म्हणजे मी काय उड्या मारत जाऊ?" दादा हसला, आणि गवंडी चहा पिऊन गेला. पण दादाने मुदत घातली. दोन पावसाळे. तोपर्यंत धूळ थांबली नाही, तर सिमेंट.

याच सुमारास, २०१९ च्या जून महिन्यात, माझे इंग्लंडला जाणे झाले. माझी भाची त्या देशाच्या केंट परगण्यात राहते. तिच्या दारापुढे दगडी चिऱ्यांची एक वाट आहे आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून एक बुटकी, दाट, जांभळ्या फुलांची वनस्पती पसरलेली आहे. उंची जेमतेम दोन बोटे, पाने मुगाच्या डाळीएवढी. सकाळी मी वाटेवरून चालले, पाय त्या जांभळ्या गादीवर पडला, आणि वास आला तो थेट आमच्या स्वयंपाकघरातला. ओव्याचा! आई तव्यावर ओवा भाजून, फडक्यात बांधून, आमची छाती शेकत असे, तोच वास. समुद्रापलीकडे, परक्या दारात, पायाखालून तो यावा याचे मला इतके नवल वाटले की मी तिथेच खाली बसून पाने चुरडून हुंगत राहिले. भाची आतून म्हणाली, "आत्या, तो थाइम आहे."

वासाचा हा उलगडा मी पुढे वाचून काढला, तो विद्यार्थ्यांना आवडेल. थाइमच्या पानांत जे सुगंधी तेल असते त्यातील मुख्य द्रव्याला थायमॉल म्हणतात. कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते १७१९ मध्ये थाइमपासून वेगळे केले. हेच द्रव्य आपल्या ओव्यात भरपूर असते, पुष्कळदा थाइमहूनही अधिक. पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू होण्यापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीस जाई आणि तेथे त्यातून थायमॉल काढीत. जंतुनाशक म्हणून त्याला मोठी मागणी होती. गंमत अशी की या दोन वनस्पती परस्परांच्या जवळच्या नातलग नाहीत. ओवा हा धने, जिरे, बडीशेप यांच्या कुळातला. थाइम तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळातला. म्हणजे तो वासाने ओव्याचा सोबती आणि रक्ताने तुळशीचा भाऊबंद. आमच्या अंगणाला याहून योग्य पाहुणा कोणता मिळणार, असे मला त्या वेळी वाटून गेले.

भाचीने मला जवळच असलेली सिसिंगहर्स्टची बाग दाखवायला नेले. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने आणि तिच्या पतीने १९३० मध्ये एक पडका गढीवजा वाडा विकत घेऊन ही बाग उभी केली. तिथल्या औषधी वनस्पतींच्या बागेजवळ थाइमची एक हिरवळच आहे. गवताचे पाते नाही, नुसता थाइम, जांभळा आणि पांढरा, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यासारखा. त्यावर मधमाश्यांची इतकी दाटी होती की गालिचाच गुणगुणत आहे असे वाटावे. मी माळ्यांकडून आणि भाचीच्या शेजारणीकडून खोदून खोदून माहिती घेतली. शिक्षिकेची सवय, दुसरे काय!

थाइमला खत नको. सुपीक मातीत तो उंच, लोळणारा आणि अल्पायुषी होतो. खडीमिश्रित, चुनखडीची, हलकी जमीन त्याला मानवते. ऊन मात्र पुरते हवे. त्याची पाने बारीक असल्याने त्यांतून पाणी थोडेच उडते, म्हणून एकदा मुळे रुजली की कोरड्या दिवसांतही तो टिकाव धरतो. एकेक वीत अंतरावर रोपे लावली तर एक-दोन वर्षांत ती एकमेकांना मिळतात. फुले सरली की वरवर कातरावे, म्हणजे दाटी राहते. तीन-चार वर्षांनी मध्यभागी काड्या लाकडासारख्या होऊन टक्कल पडू लागते. तेव्हा कडेचे मुळे फुटलेले तुकडे काढून तिथे पुन्हा लावावे. आणि एक अट सर्वांनी सांगितली: मुळाशी पाणी साचता कामा नये. उन्हाने थाइम सहसा मरत नाही, तो चिखलाने मरतो.

याच प्रवासात मी एका फुलपाखराची कथा ऐकली. विषय अंगणाचा असला तरी ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्लंडात एक मोठे निळे फुलपाखरू आहे. त्याची मादी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी काही दिवस फुले खाते आणि मग जमिनीवर पडून राहते. तिथे एका विशिष्ट जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात. ही कृतघ्न पाहुणी वारुळात जवळजवळ दहा महिने राहून मुंग्यांचीच पिल्ले खाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन बाहेर पडते!

हे फुलपाखरू दुर्मिळ होऊ लागले तेव्हा लोकांना वाटले की छंदी संग्राहक ते पकडून नेतात म्हणून असे होते आहे. एका ठिकाणी कुंपण घातले गेले. संग्राहक बाहेर राहिले, पण चरणारी गुरेही बाहेर राहिली. पुढे १९५० नंतरच्या दशकात सशांत रोगाची साथ आली आणि गवत कुरतडणारे ससे मेले. गवत उंच झाले. जमिनीवर सावली पडली, माती दोन-तीन अंशांनी थंड झाली, आणि त्या तांबड्या मुंग्यांना ती थंड माती सोसेना. थाइम होता, फुलपाखरू होते, परंतु मुंगी नव्हती. १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसे झाले. जेरेमी थॉमस या संशोधकाने हे कोडे उलगडले, पण तोवर उशीर झाला होता. मग १९८३ पासून स्वीडनमधून फुलपाखरे आणून, गवत चारवून बुटके ठेवून, त्यांची पुन्हा वस्ती करण्यात आली. आज ती तिथे उडतात.

जमिनीलगतची चार बोटे म्हणजे किती मोठे राज्य असते, हे मला या कथेने दाखवले. तिथल्या थंड देशात माती तापावी म्हणून झाडोरा बुटका हवा. आमच्या देशात माती निवावी म्हणून तो दाट हवा. उंची तीच, काम उलटे.

परत आल्यावर मी दिल्लीच्या एका रोपवाटिकेतून थाइमची सहा रोपे मागवली. प्रयोगाची मांडणी वहीत लिहून ठेवली होती: तीन रोपे अंगणात उघड्यावर, तीन कुंडीत वळचणीखाली. आपल्याकडे रोपे लावायची ती ऑक्टोबरात, म्हणजे पुढे चार महिने त्यांना सोसेल असा गारवा मिळतो. हिवाळाभर सहाही रोपे आनंदात वाढली. मे महिन्यात दुपारी गोणपाटाची सावली केली, तेव्हा तीही परीक्षा ती उतरली. मग जुलै आला. आपला वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत कोसळतो, आणि तो पडत असतानाही उकाडा असतोच. थाइमच्या जन्मभूमीत पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. उष्ण आणि ओले अशी जोडी त्याच्या अनुभवातच नाही. उघड्यावरची तीन रोपे ऑगस्टच्या मध्याला आतून काळी पडली आणि पंधरवड्यात गेली. वळचणीखालची जगली. त्यांतली दोन आजही आहेत, आणि आई कधी कधी त्यांची पाने चहात घालते. हिमालयात काश्मीरपासून नेपाळपर्यंत थाइमची एक जात रानोमाळ उगवते, तिकडचे लोक तिला बनअजवाइन म्हणतात. तीही थंड उतारावरची. चंबळच्या या कढईत तिला आणून बसवावे असे मला वाटले नाही.

एक पावसाळा संपला होता. दादा काही बोलला नाही, परंतु गवंड्याचा दूरध्वनी क्रमांक त्याने दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलेला मी पाहिला होता.

आमच्याकडे महिन्यातून दोनदा एक वृद्ध माळी येतात. त्यांना मी थाइमचे वर्णन करून विचारले, की असे बुटके, पसरणारे, ऊन आणि पाऊस दोन्ही सोसणारे काही आहे का. ते मला हाताने खूण करून घराबाहेर घेऊन गेले. हातपंपाच्या सांडपाण्याच्या नालीकाठी एक हिरवी जाळी पसरली होती. तिच्यावर दुचाक्या उभ्या होत्या, शेळ्या येत-जात होत्या. म्हणाले, "बहनजी, यह तो नाली के किनारे मुफ़्त में पड़ी है। जलपीपली।"

ही आपली जलपिंपळी. रोज शाळेत जाताना तुम्ही तिच्यावर पाय देऊन जात असाल. पाने लहान, टोकाकडे दातेरी. फुले पांढरी-गुलाबी, तांदळाच्या कणीएवढी, एका छोट्या बोंडाभोवती कडे करून उमलणारी. ते बोंड पिंपळीसारखे दिसते म्हणून हे नाव. हिची वेल जमिनीवर सरपटते आणि प्रत्येक पेऱ्याला मुळे सोडते. एक वेल म्हणजे जणू एकमेकांचे हात धरलेली पन्नास रोपे. मधले एखादे तुटले तरी बाकीची आपापल्या मुळांवर उभी. पाणथळ काठ तिला प्रिय असला तरी मुळे खोल गेल्यावर ती कोरडीही निभावते. पावसाच्या पाण्यात आठ दिवस बुडाली तरी हूं की चूं करीत नाही. थाइमजवळ जे नव्हते ते नेमके हिच्याजवळ आहे. सुगंध नाही, हे खरे. मला त्याची थोडी हळहळ वाटली, आणि अजूनही वाटते.

आता लावणीची हकीकत थोडी विस्ताराने सांगते, कारण तिच्यातच सारे यशापयश आहे.

जमीन आम्ही फार खोल खणली नाही. आमच्या अंगणात मुरूम, विटांचे तुकडे आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा भुगा आहे. तो तसाच राहू दिला. खुरप्याने चार बोटे माती मोकळी केली. खरा कस लागला तो लव्हाळ्यापाशी. या गवताच्या मुळाशी काळे कंद असतात, आणि एक कंद मागे राहिला तर त्याचे महिन्याभरात कुटुंब होते. जून महिन्यात रोज पहाटे तासभर मी आणि दादाचा मुलगा टोपले घेऊन कंद वेचत होतो. तो सुरुवातीला प्रत्येक कंद मोजत असे. हजाराच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणे सोडले, वेचणे सोडले नाही.

२०२१ च्या जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही लावणी केली. नालीकाठच्या वेलींचे चार-चार पेऱ्यांचे तुकडे केले, ओल्या गोणपाटात ठेवले, आणि वीत-वीत अंतरावर आडवे लावले: दोन पेरे मातीत, दोन वर. विकत काहीच आणले नाही. आठ दिवसांत नवी पाने आली. त्यानंतरचे दोन महिने फार महत्त्वाचे. वेली एकमेकींना मिळेपर्यंत मधल्या मातीवर तण उगवणारच, ते वरचेवर उपटावे लागते. एकदा का जमीन झाकली गेली की मातीतल्या तणाच्या बियांना उजेड मिळत नाही आणि काम आपोआप हलके होते. जे लोक या दोन महिन्यांत कंटाळतात तेच पुढे सांगतात, की असली झाडे आपल्याकडे येत नाहीत.

दारापासून विहिरीपर्यंतची रोजची वाट आम्ही जलपिंपळीला दिली नाही. तिथे हरळी लावली. पायांच्या सततच्या वर्दळीखाली हरळीसारखी दुसरी चिवट वनस्पती मला तरी माहीत नाही. ती वरूनही सरपटते आणि मातीखालूनही धावते, उन्हाळ्यात वाळून पिवळी होते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा उठते. शिवाय भाद्रपदात गणपतीच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या घरच्या घरी मिळतात. विहिरीच्या काठाला, जिथे दगड फार तापतात, तिथे चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झाड आता इतके आपले झाले आहे की त्याला परके म्हणणे जिवावर येते. जाड पानांत पाणी साठवून ते भर उन्हात रंगांची उधळण करते. त्याचाच देशी भाऊ घोळ आपोआप उगवला. तो वहिनीने भाजीला खुडला.

वहिनीचा आक्षेप निराळाच होता. "वन्सं, यात जनावर बसलं तर?" प्रश्न रास्त होता. पण जलपिंपळी चार-पाच बोटांपलीकडे उठत नाही; तिच्यात सरडा लपत नाही, मग सापाची काय कथा. तरी भिंतीलगत वीतभर पट्टा आम्ही मोकळा ठेवला आणि तिथे खडी पसरली. एका गोष्टीपासून मात्र जपले पाहिजे. फुलांवर सकाळी नऊनंतर मधमाश्या येतात. अनवाणी चालायचे असेल त्याने त्याआधी चालावे किंवा खाली पाहून चालावे. आई साडेसहालाच तुळशीला पाणी घालते, त्यामुळे त्यांच्या आणि तिच्या वेळा जुळून आल्या आहेत.

आईने स्वतःही एक अट घातली होती. वृंदावनापुढचा दोन हात चौरस भाग मातीचाच राहिला पाहिजे. "रांगोळी कुठे काढू मी? पानांवर?" तेवढी जागा आम्ही सोडली. वेल दर पंधरा दिवसांनी त्या चौकटीत शिरू पाहते आणि दादाचा मुलगा विळ्याने कड कापतो. तिथे आई आता बसून, हात पोहोचेल तेवढ्यात, सडाही घालते.

उन्हाळ्यात पाणी किती लागते असे सगळे विचारतात. रुजल्यानंतर आठ-दहा दिवसांनी एकदा, संध्याकाळी. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी आम्ही घंगाळात साठवतो, त्यातच बरेचसे भागते. विलायती गवताच्या हिरवळीला याच्या अनेक पट पाणी द्यावे लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पाणी कसे मोजून येते ते तुम्ही जाणता. मे अखेरीस पाने तांबूस, मळकट दिसतात. कडाक्याच्या थंडीतही त्यांचा रंग उतरतो. पाहुण्यांना अंगण दाखवायचे तर ऑगस्टात दाखवावे.

आणि धूळ? ती अगदी संपली असे मी म्हणणार नाही. रस्त्याची धूळ रस्त्यावरून येतच राहते. पण आपल्या अंगणाची धूळ आपल्या घरात येणे थांबले. आई गेल्या दोन उन्हाळ्यांत रात्री आडवी होऊन झोपते. औषध चालू आहे, त्याचा वाटा किती आणि वेलीचा किती हे मला ठरवता येत नाही, आणि डॉक्टरांनीही ते ठरवले नाही. विहिरीचे पाणी वाढले का, असे एका शेजाऱ्यांनी विचारले. सहाशे चौरस फुटांच्या अंगणाने भूगर्भ भरत नाही. मात्र पूर्वी मोठी सर आली की मातीचे गढूळ पाणी दाराखालून गल्लीत वाहून जाई. आता ते अंगणातच जिरते.

गेल्या श्रावणात लहान निळी फुलपाखरे आली, नखाएवढी, पानांवरून तरंगत जाणारी. इंग्लंडातल्या त्या मोठ्या निळ्याच्याच घराण्यातली ही. या घराण्यातल्या पुष्कळ अळ्यांचे मुंग्यांशी सख्य असते. अळी गोड रस देते आणि मुंगी तिची राखण करते. आमच्या अंगणात तसे काही चालते का, हे पाहायला दादाचा मुलगा भिंग घेऊन तासन्‌तास पालथा पडलेला असतो. अद्याप त्याला काही दिसलेले नाही. त्याच्या वहीत मात्र अकरा प्रकारच्या किड्यांची चित्रे जमली आहेत.

दादाने फाटकापाशी, स्कूटर जिथे उभी राहते तिथे, चार फूट रुंद फरशी करून घेतली. मी हरकत घेतली नाही. तेलाच्या थेंबाखाली कोणतीच वेल जगत नाही. उरलेल्या अंगणाविषयी त्याने हो-नाही काहीच म्हटले नाही. दोन पावसाळ्यांची मुदत कधीच उलटून गेली आहे. परवा तो कडेला उकिडवा बसून खडीत शिरलेली एक वेल सोडवीत होता, आणि तोडून न टाकता तिचे टोक त्याने पुन्हा आत वळवून ठेवले.

दर जुलैत कड कापताना टोपलेभर वेली निघतात. शाळेच्या दक्षिणेकडील मैदानाच्या कडेला, जिथे धूळ उडून वर्गात येते, तिथे लावण्यासाठी त्या द्याव्यात असे मी मुख्याध्यापकांना कळवले आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी हातभर जरी उघडी, उन्हातली माती असेल त्यांनीही पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी माझ्याकडे यावे. येताना ओले गोणपाट आणावे. प्लास्टिकच्या पिशवीत तुकडे तापतात आणि घरी जाईपर्यंत कोमेजतात.